बुधवारी रात्री ११:५९ : एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स, फाउंड्रीच्या प्लँट हेडनं केलेला

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी प्लँट हेड आहे. विजेवर धातू वितळवणाऱ्या दोन इंडक्शन फर्नेस, तीन पाळ्या, कायम आणि कंत्राटी मिळून २४० माणसं. १९९८ ला डिप्लोमा करून मेल्टिंगवर लागलो आणि पायरी पायरीनं इथवर आलो. त्यानंतर पंचवीस वर्षं एकही परीक्षा दिली नव्हती. गेल्या जुलै ते ऑक्टोबरात एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा सिक्स सिग्माचा, म्हणजे मालातले दोष मोजून कमी करायच्या पद्धतीचा, १२ आठवड्यांचा कोर्स केला आणि परीक्षाही दिली. तेव्हापासून ओळखीचे मालक, मॅनेजर, कुणी कुणी हेडमास्तरसुद्धा एकच विचारतात, ‘वेळ कुठनं काढला?’ कोर्स कसा आहे हे फार कमी लोक विचारतात. म्हणून या परीक्षणात दोन्ही लिहितो, आणि वेळेचं जरा सविस्तर लिहितो.

आधी माहिती नसलेल्यांसाठी. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा मिळून चालवलेला, केंद्र सरकारच्या पैशावरचा उपक्रम. सुरुवात २००३ ची. प्रमाणपत्राचे ऑनलाइन कोर्स २०१४ पासून आहेत आणि आता ते केंद्राच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावर चालतात. वर्षातून दोन हंगाम असतात, जानेवारीचा आणि जुलैचा. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. नाव नोंदवायला, व्याख्यानं बघायला, गृहपाठ सोडवायला एक रुपया लागत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरायची, मी भरली तेव्हा ती १,००० रुपये होती. परीक्षा मात्र घरबसल्या नाही. केंद्रावर जाऊन तीन तास संगणकासमोर बसावं लागतं.

याआधी मी एक महागडा कोर्स अर्धवट सोडला होता. कंपनीनं माझ्यासाठी ८५,००० रुपये भरले होते. मोठ्या नावाची संस्था, ‘लीडरशिप’चा कार्यक्रम, दर रविवारी चार तास. शिकवणारे चांगले होते, पण सगळं रेकॉर्डेड मिळायचं आणि कधीही बघा असं सांगितलेलं होतं. कधीही बघायचं म्हणजे आज नाही बघितलं तरी चालतं. पहिले तीन रविवार बसलो, चौथ्या रविवारी फर्नेसचं लायनिंग (आतलं अस्तर) काढायचं होतं, पाचव्याला पाहुण्यांकडं लग्न. त्यानंतर तो लॉगिन मी उघडलाच नाही. वर्षभर एमडींसमोर त्या विषयावर मान खाली घालायची वेळ आली आणि माझ्या मनानं घेतलं की आपलं शिकायचं वय आता सरलं. वयाचा त्यात काही संबंध नव्हता, हे मला एनपीटीईएलनं दाखवलं.

कारण इथं प्रत्येक आठवड्याला तारीख आहे. आठवड्याची व्याख्यानं ठरलेल्या दिवशी खुली होतात आणि त्यावरचा गृहपाठ ठरलेल्या बुधवारी रात्री ११:५९ ला बंद होतो. ओळख नाही, वशिला नाही, ‘साहेब बिझी होते’ नाही. २४० माणसांना तारखा देणाऱ्या माझ्यासारख्याला कित्येक वर्षांत कुणी तारीख दिली नव्हती. त्या बुधवारचा मला आधार वाटायला लागला.

आता वेळेचा हिशेब. १२ आठवडे, आठवड्याला साधारण पाच व्याख्यानं, एकेक अर्ध्या तासाचं. म्हणजे व्याख्यानांचे ३० तास. गृहपाठाला दर आठवड्याला तासभर धरा. एकूण ४२ तास, आठवड्याला साडेतीन. माझे कामाचे तास आठवड्याला ७० च्या आसपास. ७० तासांत साडेतीन बसत नाहीत असं कागदावर तरी म्हणता येत नाही, पण मी ते वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. म्हणून कोर्स सुरू व्हायच्या आधी एक आठवडा वही घेतली आणि आलेला प्रत्येक फोन लिहिला. कुणाचा, कशासाठी, मी काय उत्तर दिलं. सोमवार ते शनिवार २१२ फोन झाले. रविवारी वही घेऊन बसलो तर त्यातले निम्म्याहून जास्त असे निघाले, की समोरच्याला उत्तर माहीत होतं. त्याला फक्त माझा ‘हो’ पाहिजे होता. ‘साहेब, ही हीट सोडू का?’ (हीट म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू.) ‘साहेब, गाडी उद्या लावली तर चालंल का?’ त्यांना ही सवय मीच लावली होती. कधीकाळी कुणीतरी न विचारता निर्णय घेतला, तो चुकला आणि मी चारचौघांत बोललो. त्यानंतर सगळे विचारायला लागले.

मग सकाळी सहा ते सात हा तास बांधला. पहिली पाळी सातला लागते. रात्रपाळी तेव्हा शेवटच्या हीटवर असते. त्या तासात माझा फोन प्रॉडक्शन मॅनेजरकडं. माझ्याकडं यायचं फक्त तीन कारणांसाठी: फर्नेसला धोका, अपघात, किंवा कस्टमरची लाइन थांबली. बाकी सगळ्यात तो जे ठरवेल ते माझं. हे मी मीटिंगमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, आणि का ते पण सांगितलं. ‘मी परीक्षेला बसतोय’ हे वाक्य उच्चारताना आवाज थोडा कापला होता. मोल्डिंगच्या एका मामांनी, ज्यांच्या हाताखाली मी वितळलेला धातू ओतायची पहिली लॅडल धरायला शिकलो, हॉलच्या मागनं विचारलं, ‘पास हुणार न्हवं?’ मी म्हटलं, ‘होणार मामा.’ ते म्हणाले, ‘मग बस. आमी बगतो.’

घरी बसून जमलं नसतं. घरी गॅस संपलेला असतो, कुणीतरी आलेलं असतं. ऑफिसात तर केबिनचं दार उघडं दिसलं की माणूस आत येतो. म्हणून साच्यांची वाळू तपासायच्या सँड लॅबमध्ये बसलो. तिथं सकाळी फक्त लॅबची मुलगी असते. सायलोतली वाळू आणून ती नमुना ठोकते, रॅमरचे मोजून तीन ठोके, ५० मिलिमीटरची वडी, मग ताकद, परमिएबिलिटी (वाळूतून हवा किती जाते ते), ओलावा. त्या तीन ठोक्यांच्या आवाजाशेजारी, चाळण्यांच्या रॅकखाली, स्टुलावर लॅपटॉप ठेवून माझी साठ व्याख्यानं झाली. वाळूला ओला, किंचित कोळशाचा वास असतो. आता ‘हायपोथिसिस टेस्टिंग’ (अंदाज आकड्यांवर तपासून बघणं) म्हटलं की मला तो वास येतो.

कोर्सबद्दल. शिकवणं वर्गातल्यासारखंच आहे. स्लाइड, प्राध्यापक आणि शांतपणे चाललेलं इंग्रजी. झगमगाट शोधणाऱ्याला कंटाळा येईल. मला तेच हवं होतं. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीत झालं. कानावर पडलेलं इंग्रजी समजतं, पण व्याख्येचं वाक्य लांबलं की सुटतं. इथं प्रत्येक व्याख्यानाचं लेखी रूप उतरवून घेता येतं. मी आदल्या दिवशी ते छापून घ्यायचो, अडणारे शब्द पेन्सिलीनं खुणवायचो आणि सकाळी तेच पान समोर ठेवून ऐकायचो. व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा ऐकण्यात कसलाही कमीपणा नाही. पी-व्हॅल्यूचं व्याख्यान मी चार वेळा ऐकलं. बऱ्याच कोर्सचे लेखी पाठ आता मराठीसकट भारतीय भाषांत मिळतात. तुमच्या कोर्सचा आहे का ते आधी बघून घ्या.

विषय सुरू होतो ‘प्रक्रिया’ म्हणजे काय इथून. मग मोजमाप, मग विश्लेषण, सुधारणा, आणि शेवटी सुधारलेलं टिकवणं. १९२४ साली वॉल्टर श्युहार्ट यांनी अमेरिकेत पहिला कंट्रोल चार्ट (प्रक्रिया ताब्यात आहे का ते दाखवणारा आलेख) मांडला, तिथपासून १९८० च्या दशकात मोटोरोलानं ‘सिक्स सिग्मा’ हे नाव रूढ करेपर्यंतचा धागा नीट लागतो. दहा लाख संधींमागे ३.४ दोष हा आकडा आम्ही ऑडिटच्या पोस्टरवर वर्षानुवर्षं लावून ठेवला होता. त्यात सरासरी दीड सिग्मानं (सिग्मा म्हणजे आकड्यांचा पसारा मोजायचं माप) सरकेल असं आधीच धरलेलं असतं, हे मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळलं. आमच्या पोस्टरखालून रोज जाणाऱ्या कुणालाच ते माहीत नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं.

पण हे परीक्षण लिहायला मला जो आठवडा भाग पाडतोय, तो मोजमापाचा. इथं थोडं थांबतो.

आमचं मोठं काम एसजी आयर्नचं, म्हणजे गोळ्यांसारखा ग्राफाइट असलेल्या बिडाचं. एका कास्टिंगला (ओतीव भागाला) ड्रॉइंगवर हार्डनेस, म्हणजे कडकपणा, १७९ ते २२९ बीएचएन (ब्रिनेलच्या मापात) दिलेला आहे. हार्डनेस बघायची रीत जुनी आहे, स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० साली दिलेली. १० मिलिमीटरची गोळी ३,००० किलोच्या भारानं कास्टिंगवर दाबायची, खळगा पडतो, त्या खळग्याचा व्यास छोट्या मायक्रोस्कोपमधून वाचायचा आणि तक्त्यात बघायचं. व्यास ४.० मिलिमीटर आला तर २२९, म्हणजे माल काठावर पास. ३.९ आला तर २४१, म्हणजे नापास. पास आणि नापास यांच्यात मिलिमीटरचा दहावा भाग. तो दहावा भाग माणसाच्या डोळ्यानं वाचायचा.

चौदा महिने आमच्या रात्रपाळीचं हार्डनेसचं रिजेक्शन दिवसपाळीच्या दुप्पट होतं. कारण मला पाठ होतं. साचा लवकर फोडला की कास्टिंग भराभर थंड होतं, पर्लाइट (लोखंडातली कडक रचना) वाढतं, माल कडक होतो. रात्री गडी घाई करतात, नॉक-आउट, म्हणजे साचा फोडणं, वेळेआधी करतात, असा मी निष्कर्ष काढला. काढला आणि त्यावर अडून बसलो. नॉक-आउटवर टायमर लावला. रात्रपाळीच्या सुपरवायझरला पत्र दिलं. रात्री दोन वाजता अचानक फेऱ्या मारल्या. एकदा गेटवर, पाळी सुटताना, सगळ्यांसमोर म्हणालो, ‘झोपेसाठी माल खराब करता तुम्ही.’ कुणी उलटून बोललं नाही.

मोजमापाच्या आठवड्यात गेज आर अँड आर शिकवतात. कल्पना सोपी आहे. वस्तूंमध्ये फरक दिसतो तेव्हा त्यातला किती खरा वस्तूंचा आणि किती मोजणाऱ्याचा व मोजायच्या साधनाचा, हे वेगळं काढायचं. मोजमापाचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० ते ३० मध्ये असेल तर काम किती नाजूक आहे ते बघून ठरवायचं, ३० च्या वर गेला तर त्या मोजण्यावर निर्णय घ्यायचा नाही. ऑडिटसाठी आम्ही हा अभ्यास दरवर्षी करत होतो, लांबी-व्यास मोजायच्या व्हर्नियरवर आणि बोअर गेजवर. फाइल व्यवस्थित होती. ब्रिनेलच्या मायक्रोस्कोपवर तो करावा असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

गृहपाठातलं उदाहरण सोडवून झालं आणि मी दहा कास्टिंग बाजूला काढली. प्रत्येकावर खळगा पाडून घेतला. खळग्याची एक चांगली गोष्ट म्हणजे तो तसाच राहतो, कितीही वेळा वाचता येतो. तिन्ही पाळ्यांचे तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकानं दहाही खळगे तीन-तीन वेळा वाचायचे, क्रम बदलून, कास्टिंगवरचे नंबर झाकून, ज्यानं त्यानं आपापल्या पाळीत नेहमी वापरतो त्याच मायक्रोस्कोपनं. ९० वाचनं झाली. लॅबच्या मुलीनं आकडे एक्सेलमध्ये भरले. मोजमापाचा वाटा निघाला ३७ टक्के.

आणि त्यातही एक गोष्ट अगदी उघडी पडली. रात्रपाळीचा इन्स्पेक्टर तेच खळगे सातत्यानं लहान वाचत होता. दिवसाच्या माणसानं जिथं ४.० वाचलं तिथं त्यानं ३.९. मी त्याचा मायक्रोस्कोप हातात घेतला. आतला दिवा पिवळा, मंद. खळग्याच्या कडेला एक उंचवटा येतो, उजेड कमी असला की त्याची सावली आत पडते आणि डोळा आतल्या कडेवर थांबतो. शिवाय तो एकाच दिशेनं वाचत होता. दोन काटकोनांत वाचून सरासरी घ्यायची हे त्याला आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. दिवसपाळीकडं नवा मायक्रोस्कोप होता कारण ऑडिटर दिवसा येतो.

त्या रात्री मी साडेदहाला प्लँटवर गेलो. पाळी लागल्यावर नॉक-आउटच्या गड्यांना, सुपरवायझरला, इन्स्पेक्टरला बोलावून घेतलं. कागद दाखवला. म्हटलं, ‘चौदा महिने मी तुम्हाला बोललो. चूक तुमची नव्हती. गेटवर बोललो ते मी परत घेतो.’ सुपरवायझरला दिलेलं पत्र त्यांच्यासमोर फाइलमधून काढलं. कुणी फार काही बोललं नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, ‘दिव्याचं मी दोनदा सांगितलं हुतं साहेब. खरेदीत अडकलं हुतं.’ तो दिवा ४०० रुपयांचा होता.

दिवा बदलला, वाचायची जागा नीट घासून घ्यायला सुरुवात केली, दोन दिशांचं वाचन सक्तीचं केलं. दुसऱ्यांदा अभ्यास केला तेव्हा आकडा १४ वर आला. रात्रीचं रिजेक्शन दिवसाच्या जवळ आलं, अगदी सारखं नाही. थोडी घाई होत असेलही. पण आता ती किती, हे सांगता येतं.

१,००० रुपये आणि ४२ तासांत मला हे मिळालं. आणखी काही नसतं मिळालं तरी मी या कोर्सला पूर्ण गुण दिले असते.

सोयींबद्दल दोन-चार गोष्टी, कारण बिझी माणसाचं घोडं इथंच अडतं. १२ आठवड्यांच्या कोर्सला गृहपाठातले सर्वोत्तम आठच धरतात. म्हणजे चार आठवडे हातचे सुटले तरी चालतं. ज्यानं हा नियम केला त्याला कारखाना माहीत असावा असं मला वाटतं. माझे तीन सुटले. एक, पावसात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडं निघालं की आमच्याकडं दुसरं काही सुचत नाही. माणसं घरी कशी पोचणार, कच्चा माल कुठं अडकला, महामार्ग चालू राहणार का. दुसरा, गौरी-गणपतीत, निम्मी माणसं रजेवर. तिसरा, एका बुधवारी रात्री अकराला. गृहपाठाचे सात प्रश्न झाले होते, तीन राहिले होते, आणि अर्थ लीकेजचा (वीज जमिनीकडं गळत असल्याचा) अलार्म होऊन दोन नंबरची फर्नेस ट्रिप झाली. आत चार टन धातू. तो गोठला तर फर्नेस जाते. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून पळालो, पिगच्या (धातूच्या लाद्यांच्या) साच्यात धातू ओतून रिकामी केली, तोवर साडेबारा. परत येऊन बघितलं तर मुदत संपलेली. पण आधी भरलेली सात उत्तरं सबमिट करून ठेवायची होती, ती मी ठेवली नव्हती. मुदतीआधी कितीही वेळा सबमिट करता येतं, शेवटचं धरतात. त्यामुळं माझा सल्ला, दोन प्रश्न सोडवले तरी सबमिट दाबा, पुढचे नंतर.

दुसरं, परीक्षेची नोंदणी कोर्सच्या नोंदणीपेक्षा वेगळी असते आणि तिची तारीख नंतर येते. पुष्कळ जण ‘जमलं तर भरू’ म्हणतात. लगेच भरा. फी भरली, घरी सांगितलं, प्लँटवर सांगितलं, की मागं फिरायला जागा राहत नाही. गुणांची वाटणी गृहपाठ २५ आणि परीक्षा ७५ अशी, आणि दोन्हीकडं किमान लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. नुसत्या गृहपाठावर निभत नाही.

हा कोर्स कुणी करू नये तेही सांगतो. ज्याला बरोबरीच्या लोकांशी ओळखी वाढवायच्या आहेत, कॉफी घेत चर्चा करायची आहे, त्यानं दुसरीकडं जावं. मला त्याची भूक इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन या संस्थेच्या कोल्हापूर चॅप्टरच्या व्याख्यानांत भागते, तिथं माझ्याच धंद्यातली माणसं भेटतात. शिवाय परीक्षा बहुतेक पर्यायी प्रश्नांची. सूत्र आलं, आकडेमोड आली तर गुण मिळतात. तुम्ही ते तुमच्या मशीनवर लावलं का, हे विचारायला कुणी येत नाही. ते तुमचं तुम्हाला करावं लागतं, त्याच आठवड्यात. पुढच्या आठवड्यावर ढकललं की विषय पुढं गेलेला असतो. दर आठवड्याला शिकलेली एक गोष्ट शनिवारच्या आत फ्लोअरवर करून बघायची, असं मी ठरवलं होतं. आठ-नऊ जमल्या. डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्सची जमली नाही. त्यासाठी वाळूचा ओलावा आणि बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) मुद्दाम बदलून माल काढावा लागतो आणि डिस्पॅचचं ओझं असताना मला तेवढं धाडस झालं नाही.

फोनच्या तासाचं काय झालं तेही लिहायला हवं. पहिल्या पंधरवड्यात प्रॉडक्शन मॅनेजर रोज सात वाजता यादी घेऊन यायचा, हे केलं, ते केलं, बरोबर का? मी फक्त ऐकायचो. एकदा त्यानं एक हीट चुकीची सोडली, कार्बन थोडा वर होता, दीड टन माल परत वितळवावा लागला. माझ्या जिभेवर आलं होतं. बोललो नाही. त्यानंच संध्याकाळी स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक मोजायच्या यंत्राच्या) नमुन्याची पद्धत बदलून दाखवली. दसऱ्यानंतर त्यानं यादी आणणं बंद केलं. कोर्स संपला तरी सहा ते सात हा तास आम्ही मोडलेला नाही. जानेवारीत त्या तासात तो बसला, फोन माझ्याकडं.

माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. रात्री जेवणानंतर एका टेबलाच्या दोन बाजूंना दोघं. मला स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये एन वजा एक का घेतात ते तिनं समजावलं, तिच्या शिक्षकांनी सांगितलं होतं तसं, शेंगदाण्यांचे ढिगारे करून. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर तीच सोडायला आली. हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र लागतं, आधार चाललं. आकडेमोडीला पडद्यावरच कॅल्क्युलेटर असतो. माझ्या आसपास सगळी इंजिनिअरिंगची पोरं. शेजारच्या मुलानं ‘सर, तुम्ही इन्व्हिजिलेटर का?’ विचारलं. ‘नाही, परीक्षेला,’ म्हटल्यावर त्यानं मला खुर्ची सरकवून दिली.

नऊ ते बारा. फोन बाहेर, पिशवीत, बंद. पहिला अर्धा तास हात खिशाकडं जात होता, नंतर गेला नाही. ७१ गुण पडले. ६० ते ७४ ला ‘एलिट’ म्हणतात, ते मिळालं.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोन चालू केला. अकरा मिस्ड कॉल, सगळे नऊ ते साडेनऊमधले, मग थांबलेले. खाली एक फोटो होता, रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरनं दिवसाची जादा पाळी करताना पाठवलेला. घासलेल्या कास्टिंगवरचा खळगा, पांढऱ्या उजेडात, कडा स्वच्छ. खाली लिहिलेलं, ‘४.० आणि ४.१. सरासरी ४.०५, २२३. माल सोडला.’